पुस्तकाचं म्हणणं

माझ्या ताईची शेवटची चिठ्ठी पोस्टकार्डावर आहे आणि तिच्यात तीनच ओळी आहेत. पहिलीत खुशाली. दुसरीत, तू पाठवलेलं पुस्तक वाचून झालं, एवढंच. तिसऱ्या ओळीत तिनं लिहिलं आहे, 'म्हणणं : बहीण.' शब्दापुढे ठसठशीत पूर्णविराम. पेन जरा जास्तच दाबलं गेलं असावं, तिथे शाई फुटली आहे.

या कार्डाला मी जे उत्तर पाठवलं ते माझ्याजवळ नाही. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे, आणि तो सांगायला मला इतकी वर्षं लागली. पण त्याआधी 'म्हणणं' म्हणजे काय, ते सांगायला हवं.

साठच्या दशकात आम्ही नागपूरला धरमपेठेत राहत होतो. एका बंगल्याच्या मागे दोन खोल्या, पुढे तुकडाभर अंगण. बाबा सरकारी कचेरीत कारकून. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई चौदाची. तिची सातवी झाली होती. आठवीत तिचं नाव घातलं गेलं नाही. त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. बाबा सकाळी उठले तर चहा तयार होता, आणि मी उठले तर माझी वेणी घालायला ती बसलेली होती. तेवढ्यानंच ते ठरून गेलं.

शाळेतून आले की त्या दिवशी काय शिकवलं ते मी तिला सांगायचं, असा नेम होता. गणित तिला नको असे. मराठीचा तास मात्र तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत हवा असे. बाई वर्गात कुठल्या दाराने आल्या इथपासून.

मी नववीत असताना बाईंनी आम्हाला मध्यवर्ती कल्पना ओळखायला शिकवली. तोवर आम्ही ती गाईडमधून पाठ करत होतो. धडा कोणाचाही असो, 'प्रस्तुत पाठात लेखकाने' अशी सुरुवात केली की निम्मं काम झालं, असं आम्हाला वाटे. त्या दिवशी बाईंनी गाईडं दप्तरात ठेवायला लावली आणि एका मुलीला उभं केलं.

"या धड्याची मध्यवर्ती कल्पना काय?"

"गरिबी, बाई."

"गरिबी हा विषय झाला. गरिबीबद्दल धडा काय म्हणतो?"

ती मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, "गरिबी वाईट असते."

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. "ते तुला धडा न वाचताही माहीत होतं. बस खाली. धडा वाचल्याशिवाय जे कळलं नसतं, ते शोध."

संध्याकाळी मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती परातीत कणीक मळत होती. तिनं हात थांबवले.

"बराबर हाये तुह्या बाईचं," ती म्हणाली. "आता पाह्य, शेजारची काकू येऊन बसली अन् नुसतं 'सून' म्हणून चूप राहिली, तं आपल्याले काय समजते? सुनेचं काय, ते तं सांगन ना!"

"ती सांगतेच की. तासभर सांगते."

"तासभर सांगते ती गोष्ट. अन् उठताना दारात एक सांगते ना, 'आपलंच नाणं खोटं म्हणून कोणापाशी बोलताही येत नाही वं बाई', ते तिचं म्हणणं."

तेव्हापासून आमच्या घरात मध्यवर्ती कल्पनेला 'म्हणणं' हेच नाव पडलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही खऱ्या अर्थानं वाचायचो. जवळच्या वाचनालयातून मी पुस्तक आणायची. दुपारी खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली असे, आणि अधूनमधून उठून तिच्यावर तांब्यानं पाणी मारायचं काम माझं. मोठ्यानं वाचायचं कामही माझंच, कारण ताईचे हात मोकळे नसत. गहू निवडायचे असत, नाहीतर सांबारवडीसाठी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी सोडून बसलेली असे. ओल्या वाळ्याचा आणि सांबाराचा तो एकत्र वास मला पुढे कुठल्याच घरात आला नाही.

शेवटचं पान झालं की मला पुस्तक मिटू द्यायची नाही. "थांब. म्हणणं राहिलं."

आणि मग आमचं भांडण सुरू व्हायचं. मी शाळेत जाणारी, म्हणून पहिलं उत्तर माझं. ते बहुधा एका शब्दाचं असे. ती ते खोडून काढायची आणि मला पुस्तकात मागे पाठवायची. एक कादंबरी मला आठवते. तिच्यात एका मोठ्या घरची बाई होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेली. मी म्हटलं, 'श्रीमंती.'

"श्रीमंती गेली खड्ड्यात. किल्ल्या किती खेप आल्या ते पाह्य."

मी पानं उलटून पाहिलं. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात किल्ल्या होत्या. लग्नात वाजत होत्या, मुलगा घर सोडून गेला तेव्हा वाजत होत्या.

"लिहिणारा काही येडा नाही. तेच ते पुन्हा आणून राहिला, तं तिथं त्याचं काही अडलं असन. अन् शेवटी? शेवटी त्या किल्ल्या कोणापाशी हायेत?"

"तिच्याचपाशी. पण ती अंथरुणाला खिळली आहे."

"अन् खोलीच्या दाराले बाहेरून कडी कोण लावते?"

मी ते वाक्य वाचून गेले होते, पण कडी मला दिसलीच नव्हती. सून खोलीतून बाहेर पडताना सवयीनं बाहेरून कडी लावते आणि कादंबरी तिथेच संपते.

"बस. तिथंच काहून थांबला तो? अजून दहा पानं लिहिता आली असती त्याले." ती पुन्हा सांबाराकडे वळली आणि काड्या मोडता मोडता म्हणाली, "ज्या घरी सगळ्याले कुलूप लागते, त्या घरी माणूसही कुलपातच राहते. लिही."

मी लिहायची. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेन्सिलीनं आधी तिचं वाक्य, घाईघाईत, जसं ती बोलेल तसं. मग रविवारी जाड पुठ्ठ्याच्या फेअर वहीत निळ्या शाईनं. आणि फेअर करताना मी ते सुधारून घ्यायची. वही आजही माझ्याकडे आहे. तिच्यात त्या कादंबरीपुढे असं आहे: 'संपत्तीच्या रक्षणात गुंतलेली व्यक्ती अखेरीस स्वतःच बंदिस्त होते, हे या कादंबरीचे आशयसूत्र होय.' अक्षर सुंदर आहे. कॅलेंडरची पानं ताई सोमवारी सकाळी शेगडी पेटवायला घ्यायची.

कुलपाचं वाक्य मला आठवतं, कारण त्यावरून आम्ही फार हसलो होतो. वहीत अशी त्रेसष्ट पुस्तकं आहेत. बाकीच्यांपैकी चार-पाच वाक्यं तिच्या तोंडची आठवतात, तीही अर्धवट. उरलेल्यांवर माझं आशयसूत्र बसलेलं आहे आणि त्याखाली ती काय म्हणाली होती ते मला दिसत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं लग्न झालं आणि ती नागपूरजवळ मौद्याला गेली. घर शेतकऱ्याचं, धान आणि मिरचीचं. सासरची माणसं चांगली होती. भाऊजी स्वतः पुस्तकाच्या वाटेला जात नसत, पण नागपूरला आले की माझ्याकडून एक पुस्तक पिशवीत घालून न्यायचे आणि मागचं परत आणून द्यायचे. त्या पुस्तकांना मिरचीचा वास यायचा. वाचनालयातल्या काकांनी एकदा पान उघडून जोरात शिंक दिली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मी सुट्टीत मौद्याला गेले, तेव्हा फेअर वही मुद्दाम सोबत नेली. ताईला दाखवायची होती. आम्हाला तेव्हा समीक्षा होती, आणि पुस्तकात आशयसूत्राबद्दल जे दहा-दहा पानं लिहिलेलं होतं ते मला आधीच येत होतं, परातीशेजारी बसून शिकलेलं. ते तिला सांगायचं होतं. ती अंगणात मिरच्या पसरत होती, तोंडाला पदर बांधून. भाऊजी ओसरीवर दोरी वळत बसले होते. मी उंबऱ्यात बसून एकामागून एक वाचत गेले. ती ऐकत होती. मग तिनं पदर सोडला.

"हे कोण म्हटलं?"

"तूच. सगळी तुझीच आहेत."

"मी? मी असं कधी बोलली वं?" ती हसायला लागली. "अखेरीस स्वतःच बंदिस्त होते म्हणे! माह्या तोंडात कोणाचे दात बसवून राहिली तू?"

भाऊजींनी मान वर केली. "मास्तरीणबाई, आमच्या घरची भाजी तुम्ही लग्नाच्या पंगतीत वाढली. जिनं रांधली तिलेच ओळखू नाही आली!"

आम्ही तिघंही हसलो. मीच सर्वांत जास्त, कारण मला जरा लाज वाटली होती. हसणं थांबल्यावर ताईनं विचारलं, "पहिलेचं नाही ठेवलं कुठं? मी बोलली ते?"

"ते कच्चं होतं गं. ते तर शेगडीत जायचं."

"हो," ती म्हणाली. "कच्चंच होतं." आणि पुन्हा पदर बांधून मिरच्या उलथायला लागली.

मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. पुस्तकात पुन्हा पुन्हा काय येतं ते बघायला मी शिकले होते. माणसाच्या आवाजात एकदाच काय येऊन जातं, ते बघायला नाही.

पुढे मी एका कॉलेजात शिकवायला लागले. बाईंचं गरिबीचं उदाहरण माझ्या पहिल्या तासाचं उदाहरण झालं. मुलांना मी सांगायची, विषय एका शब्दात मावतो, आशयसूत्र मावत नाही. एका शब्दाचं उत्तर आलं की मी लाल पेनानं शेजारी लिहायची, 'हा विषय झाला. पूर्ण वाक्यात लिहा.' वर्षाकाठी हे इतक्यांदा लिहावं लागे की हात आपोआप चालायचा.

ऐंशी सालानंतर ताई आजारी पडली. औषधपाण्यासाठी नागपूरला दोनदा येऊन गेली, तेव्हा माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या खेपेला फार वाळली होती. बोलून थकायची, म्हणून मी बोलायची आणि ती ऐकायची. निघताना म्हणाली, "आता पडूनच असतो. एखादं जाडं धाड." मी तेव्हा तीन वर्षं वर्गाला शिकवत होते तीच कादंबरी भाऊजींबरोबर पाठवली.

ती कादंबरी अशी आहे. लहान गावातला एक तरुण पूल बांधायचं शिकतो आणि देशभर नद्यांवर पूल बांधत फिरतो. दर काही वर्षांनी घरी येतो, पुन्हा जातो. नाव होतं, मान मिळतो, लग्न राहून जातं. शेवटी म्हातारपणी घरी येतो, कुलूप काढतो, आत जाऊन माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन पितो. इथे पुस्तक संपतं. मी वर्गात सांगायची की जन्मभर दोन तीर जोडणारा माणूस स्वतः एकटा राहतो, पण अखेरीस तो एकटेपणा त्याला स्वावलंबी करतो. स्वतः घेतलेलं पाणी हे त्या स्वावलंबनाचं चिन्ह. मुलं उतरवून घ्यायची. मला ते उत्तर पसंत होतं.

ताईचं कार्ड आलं तेव्हा माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि हातात लाल पेन. 'म्हणणं : बहीण.' मला हसू आलं. आमचा जुना खेळ. मी कोरं कार्ड ओढलं आणि त्याच पेनानं लिहिलं:

'बहीण हा विषय झाला. बहिणीबद्दल पुस्तक काय म्हणते? पूर्ण वाक्यात लिहावे. शिवाय या कादंबरीचा तो विषयही नाही, पुन्हा पाहावे.'

मला वाटलं, तिला गंमत वाटेल. खाली मी गुणही दिले असते, पण जागा उरली नव्हती.

उत्तर आलं नाही. परीक्षा संपल्या की जाऊच, असं मी धरून चालले होते. परीक्षा संपायच्या आधी ती गेली.

तेराव्यानंतर महिनाभरानं मी पुन्हा मौद्याला गेले, एकटी. भाऊजी ओसरीवर बसले होते, हातात काही काम नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच असं रिकाम्या हातानं पाहिलं. मला पाहून ते उठले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बाज झटकली, आणि मग आत पाहून थबकले. कोणाला तरी हाक मारायची सवय त्यांच्या तोंडाशी आली होती.

"पाणी," ते म्हणाले. "पाणी घ्या बाई. तुम्हीच घ्या. माठ तिथंच हाये."

मी आत गेले आणि घेतलं.

परत येऊन बसले तर त्यांनी कोनाड्यातली ती कादंबरी माझ्यापुढे ठेवली. "हे तुमचं राहिलं होतं."

मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "माझं कार्ड आलं होतं का?"

"आलं ना. मीच वाचून दाखवलं. लाल शाईचं."

"मग?"

"मग काय. लय हसली. म्हणे, पाहा, नापास केलं मले."

"रागावली का?"

"नाही बाप्पा. खुश झाली." त्यांनी दुपट्टा मांडीवर घेतला. "म्हणे, इतके साल मी पुरं वाक्य सांगो, अन् ते हिनं बदलवलं. म्हणून या खेपेला एकच शब्द धाडला. म्हणे, आता एका शब्दाचं काय बदलवते पाहू!"

ते हसले आणि त्यांनी दुपट्टा डोळ्यांना लावला. मी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसले होते.

"पण वाक्य तिला ठाऊक होतं," मी म्हटलं. "तिनं तुम्हाला सांगितलं असेल."

"सांगतलंच असन. रोज काही ना काही सांगेच. हे पुस्तक तं पुरं सांगतलं, पुलाचं, नदीचं. मी बैलाले पाणी दाखवून राहिलो होतो. हो हो म्हटलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक झालेल्या विद्यार्थ्याचा असतो तसा चेहरा. "मले का माहीत, पुढे कोणी विचारन म्हणून. ध्यानात नाही राहिलं बाई."

मी त्यांना म्हटलं, असू द्या. दुसरं काय म्हणणार. त्रेसष्ट वाक्यं लिहून घेऊन माझ्याही ध्यानात कुठे राहिली होती.

त्या उन्हाळ्यात मी ती कादंबरी तिच्या रीतीनं पुन्हा वाचली. पुन्हा पुन्हा काय येतं, ते बघत. माझ्या टिपणांत नद्या होत्या, पूल होते, पत्रं होती. पाणी शोधायला मी कधी गेलेच नव्हते. तो पहिल्यांदा घरी येतो तेव्हा उंबऱ्यात बूट काढता काढता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येतो. 'बहिणीनं पाणी आणलं', एवढंच वाक्य. पुढच्या खेपेलाही तेच. पुलाच्या उद्घाटनानंतर येतो तेव्हाही. एकूण सहा वेळा. त्या बहिणीला पुस्तकभर नाव नाही. तिला काय आवडतं, तिचं लग्न का झालं नाही, एक अक्षर नाही. तो तिच्याशी बोलतो तेही फक्त पुलांबद्दल. मग शेवटचं प्रकरण, कुलूप, आणि माठ. ती कधी गेली हे लेखक सांगत नाही. अजून दहा पानं लिहिता आली असती त्याला. तो तिथंच थांबला.

मी तीन वर्षं शंभर-शंभर मुलांना सांगितलं होतं की तो स्वावलंबी झाला.

मी पुस्तक मिटलं नाही. म्हणणं राहिलं होतं. मी वाक्य करायला बसले. माझं ते कामच होतं. एक केलं, मग दुसरं. सगळी बरोबर होती, कोणत्याही परीक्षकानं पूर्ण गुण दिले असते. त्यांतलं एकही ताईचं नव्हतं. ताईच्या वाक्यात भाजी असती, नाहीतर शेजारीण, नाहीतर कुलूप. असं काहीतरी हाताशी असलेलं, जे मला कधी सुचलं नाही. मी अंदाज करत राहिले. अजूनही करते. भांडी घासताना, बसमध्ये, एकदा तर वर्गात फळ्याकडे तोंड असताना. तिनं ते सांगितलं होतं, मौद्याच्या अंगणात, बाजेवरून, आणि ऐकायला एक बैल होता आणि हो हो म्हणणारा एक माणूस. मी नव्हते.

फेअर वहीत त्रेसष्टानंतर पानं कोरी होती. कितीतरी दिवसांनी मी ती उघडली. नवीन पानावर कादंबरीचं नाव लिहिलं, निळ्या शाईनं, आणि त्याच्यापुढे कार्डावरचा शब्द जसा होता तसा उतरवला. बहीण. पूर्णविराम तिनं दिला होता, तिथेच दिला. पेन जरा दाबूनच धरलं.